पाणी मोजावे, मग शॉवर निवडावा

वरच्या मजल्यावरील घरांत पाण्याचा दाब कमी का असतो आणि त्यावर खर्च करण्यापूर्वी काय पाहावे

बोरिवलीतील चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या सात मजली इमारतीतील सर्वांत वरचे घर डोळ्यांसमोर आणावे. दिवाळीच्या आधी घराचे नूतनीकरण पूर्ण झाले आहे. स्नानगृहात नव्या फरशा, भिंतीत दडवलेली नळजोडणी आणि छतालगत बारा इंची चकचकीत ‘रेन शॉवर’. दुकानातील प्रात्यक्षिकात त्यातून श्रावणसर कोसळत होती. घरी मात्र पहिल्या दिवशी नळ उघडला, तेव्हा मधल्या दहा-बारा छिद्रांतून पाणी ठिबकले आणि बाकीची छिद्रे कोरडीच राहिली. ज्यांच्या गुडघेदुखीसाठी हा सारा खटाटोप झाला होता, त्या आजींनी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बादली मागून घेतली. वाकून तांब्या भरणे त्यांना जमत नव्हते. पण ठिबकणाऱ्या पाण्याखाली उभे राहून पूजेची वेळ टळू देणे त्यांना त्याहून जड वाटत होते.

हे चित्र केवळ बोरिवलीचे नाही. अंधेरी, मुलुंड, घाटकोपर येथील जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर ते थोड्याफार फरकाने आढळते. अशा वेळी कोणी महापालिकेला दोष देतो, कोणी शॉवर बनवणाऱ्या कंपनीला, तर कोणी प्लंबरला. मग पहिल्याहून महागडा दुसरा शॉवर आणला जातो आणि तोही तसाच ठिबकतो. याचे कारण साधे आहे. शॉवर दाब निर्माण करत नाही. घरात जेवढा दाब पोहोचतो, तेवढ्याचाच तो चांगला किंवा वाईट उपयोग करतो. म्हणून खरेदीचा आरंभ दुकानातून नव्हे, तर घरातल्या पाण्याच्या मोजमापातून व्हायला हवा. जो व्यापारी मालाचे वजन केल्याशिवाय सौदा करत नाही, त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. तरीही स्नानगृहाच्या बाबतीत नेमका हाच नियम विसरला जातो.

दाब येतो कोठून?

मुंबईचे पाणी फार दुरून येते. शहराला नळाचे पाणी देण्यासाठी विहार तलाव बांधला गेला. तो १८६० मध्ये पूर्ण झाला. त्यानंतर १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा हे जलाशय आले. स्वातंत्र्यानंतर मोडकसागर, अप्पर वैतरणा व भातसा यांची भर पडली आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा धरण सेवेत आले. विहार आणि तुळशी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहेत. बाकीचे पाच जलाशय ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात आहेत. या सात जलाशयांतून दररोज चार हजार दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी महानगराला मिळते. बहुतेक वस्त्यांना ते दिवसभर मिळत नाही. प्रत्येक विभागाची ठरलेली वेळ असते आणि तेवढेच तास जलवाहिनीत पाणी वाहते.

या ठरलेल्या तासांत आलेले पाणी इमारतीच्या आवारातील जमिनीखालच्या टाकीत साठते. तेथून पंपाने ते गच्चीवरील टाकीत चढवले जाते आणि गच्चीवरून उतरणाऱ्या नळांतून घरोघरी पोहोचते. या उतरत्या नळांना प्लंबर ‘डाऊनटेक’ म्हणतात. याचा अर्थ असा, की टाकी असलेल्या इमारतीत महापालिकेच्या जलवाहिनीचा दाब जमिनीखालच्या टाकीपाशीच संपतो. त्यापुढे स्नानगृहातील दाब ठरतो तो गच्चीवरील टाकी शॉवरच्या किती वर आहे, यावर.

याचा हिशोब कोणालाही करता येतो. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा दाब. यालाच कंपन्यांच्या माहितीपत्रकांत जवळपास एक ‘बार’ म्हणतात. सर्वांत वरच्या घरातील शॉवर आणि टाकीतील पाण्याची पातळी यांत अनेकदा जेमतेम तीन मीटरचे अंतर असते. म्हणजे दाब ०.३ बार. एक मजला खाली उतरले की सुमारे तीन मीटरची भर पडून तो ०.६ होतो. आणखी दोन मजले खाली तो १.२ बारपर्यंत जातो, आणि पहिल्या मजल्यावर दोन बारच्या आसपास असतो. एकाच इमारतीत, एकाच टाकीवर, एकाच कंपनीचा शॉवर पहिल्या मजल्यावर जोरात आणि सातव्यावर मलूल चालतो, तो यामुळेच.

आता माहितीपत्रकाकडे पाहावे. शॉवरमधून मिनिटाला इतके लिटर पाणी येते, असा जो आकडा तेथे छापलेला असतो, तो अनेकदा तीन बार दाबावर मोजलेला असतो. दाब दहाव्या हिश्श्यावर आला की प्रवाह दहाव्या हिश्श्यावर येत नाही, तर सुमारे एक तृतीयांशावर येतो. म्हणून तीन बारला मिनिटाला नऊ लिटर देणारा शॉवर वरच्या मजल्यावर तीन लिटरही देत नाही. कंपनीचा आकडा खोटा नसतो. तो आपल्या घराचा नसतो, एवढेच.

बादली आणि घड्याळ

घराचा आकडा काढण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. दहा लिटरची बादली आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ पुरते. प्रथम शॉवरचे डोके फिरवून काढावे. मग उघड्या नळीखाली बादली धरून नळ पूर्ण सोडावा आणि बादली भरायला किती सेकंद लागतात, ते लिहून ठेवावे. साठ सेकंद लागले तर प्रवाह मिनिटाला दहा लिटर. शंभर सेकंद लागले तर सहा. दीडशे लागले तर चार. ही मोजणी एकदा सकाळी सात-साडेसातला, म्हणजे सगळी इमारत स्नान करत असताना करावी आणि एकदा दुपारी. दोन्ही आकड्यांत मोठा फरक दिसला, तर खरेदी सकाळच्या आकड्यावर ठरवावी. गर्दीच्या वेळी जे मिळते, तेच खरे मिळते.

त्यानंतर शॉवरचे डोके पुन्हा बसवून तीच बादली भरावी. उघड्या नळीतून एका मिनिटात भरणारी बादली शॉवरमधून अडीच मिनिटे घेत असेल, तर अडथळा शॉवरमध्ये आहे. दोन्ही वेळा जवळपास सारखाच वेळ लागत असेल, तर अडथळा मागे, म्हणजे नळीत, व्हॉल्व्हमध्ये किंवा टाकीच्या उंचीत आहे. अशा घरात केवळ शॉवर बदलून फारसे काही साधणार नाही. एवढी एक चाचणी केली, तरी अनेक कुटुंबांचा पहिला निष्फळ खर्च वाचेल.

आणखी एक तुलना उपयोगी ठरते. थंड पाणी नीट येते आणि गरम पाणीच कमी येते, असे दिसले तर दोष गीझरच्या वाटेवर असतो. तेथील जाळी किंवा पाणी मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह तपासून घ्यावा. खालचा नळ जोरात आणि शॉवर मंद, असे असेल तर नळातून शॉवरकडे पाणी वळवणारा ‘डायव्हर्टर’ किंवा शॉवरची छिद्रे संशयित ठरतात. सगळेच नळ मंद असतील, तर गच्चीवर जावे लागेल.

आधी साफसफाई

गच्चीवर पाहण्याची पहिली गोष्ट म्हणजे आपल्या घराकडे उतरणाऱ्या नळीवरचा व्हॉल्व्ह. टाकी धुताना किंवा दुरुस्तीच्या वेळी तो बंद केला जातो आणि नंतर पूर्ण उघडायचा राहून जातो. दुरुस्तीनंतर नळीत हवा अडकूनही प्रवाह मंदावतो. ती बाहेर पडण्यासाठी उतरत्या नळीला वर हवेची नळी असावी लागते आणि ती मोकळी असावी लागते. या दोन गोष्टींसाठी इमारतीच्या प्लंबरचा अर्धा तास पुरतो.

घराच्या आत येताच भिंतीलगतच्या लहान अँगल कॉकमध्ये, गीझरच्या तोंडाशी आणि शॉवरच्या मागच्या बाजूस बारीक जाळ्या असतात. टाकीतील गाळ आणि जुन्या लोखंडी नळ्यांतील गंजाचे कण तेथे येऊन बसतात. काही शॉवरच्या तोंडाशी प्रवाह मर्यादित ठेवणारी प्लास्टिकची लहान चकतीही असते. जोरदार दाबाच्या घरात ती पाणी वाचवते, ०.३ बारच्या घरात ती अडथळाच होते. ती काढल्यास हमीवर परिणाम होतो का, एवढे दुकानदाराला विचारून मग काढावी.

महापालिकेचे पाणी पावसाच्या पाण्यावर भरणाऱ्या जलाशयांचे असल्याने त्यात क्षार कमी असतात. पण सोसायटीत कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी मिसळत असेल, तर शॉवरच्या छिद्रांवर पांढरा थर बसतो. त्यावर सहसा व्हिनेगरचा उपाय सुचवला जातो. आंबवलेला पदार्थ म्हणून जी कुटुंबे व्हिनेगर घरात आणत नाहीत, त्यांच्यासाठी किराणा दुकानातील लिंबूसत्त्व तेवढेच उपयोगी आहे. कोमट पाण्यात दोन-तीन चमचे लिंबूसत्त्व विरघळवून त्यात शॉवरचे डोके अर्धा-एक तास बुडवावे, मऊ ब्रशने घासावे आणि स्वच्छ धुवावे. फरशीसाठीचे तीव्र आम्ल मात्र कधीही वापरू नये. त्याने क्रोमचा मुलामा उतरतो.

जैन घरांत आणखी एक ठिकाण पाहण्यासारखे असते. पाणी गाळून वापरण्याच्या नियमामुळे नळाला कापडाचे गाळण बांधण्याची पद्धत आहे. स्वयंपाकघरातील नळाला ते शोभते, कारण तेथे ते रोज काढून धुतले जाते. शॉवरच्या नळीत मात्र कापड किंवा अतिबारीक जाळी बसवली, की ती नजरेआड राहते, तुंबते आणि आधीच कमी असलेला दाब खाऊन टाकते. स्नानाचे पाणीही गाळून घेण्याचा ज्यांचा नियम आहे, त्यांना गाळणातून भरलेली बादलीच सोयीची. अशा घरातील ज्येष्ठांनी शॉवर नाकारला, तर तो हट्ट नसतो, हे तरुणांनी लक्षात घ्यावे.

कोणता शॉवर घ्यावा?

एवढे करूनही प्रवाह कमी राहिला, तर शॉवरच्या निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने येतो. येथे पहिला नियम असा, की दाब कमी असेल तर डोके लहान असावे. चार इंची शॉवरच्या तुलनेत बारा इंची शॉवरचे क्षेत्र नऊ पट असते. मिनिटाला पाच-सहा लिटर पाणी एवढ्या मोठ्या पसाऱ्यात वाटले, की प्रत्येक छिद्राच्या वाट्याला थेंबच येणार. तेच पाणी तीन-चार इंची डोक्यातून, मोजक्या आणि बारीक छिद्रांतून सोडले तर धारा सलग राहतात. छिद्रे मोजकी असली की नळीतून वाहणारे पाणी थोडे कमी होते, त्यामुळे नळीत घर्षणाने वाया जाणारा दाबही घटतो आणि उरलेला दाब छिद्रापाशी कामाला येतो. लहान शॉवर दाब वाढवतो असे जे म्हटले जाते, त्यात तथ्य एवढेच आहे. तो दाब वाढवत नाही, उधळत नाही.

दुसरा नियम साधेपणाचा. मसाज, धुके, सरी अशा पाच-सहा प्रकारच्या धारा देणाऱ्या शॉवरमध्ये पाण्याला अरुंद आणि वळणदार मार्गांतून जावे लागते आणि प्रत्येक वळणावर दाब खर्च होतो. कमी दाबाच्या घरात एकाच प्रकारची धार देणारा शॉवर अधिक चांगला चालतो. पाण्यात हवा मिसळणारे शॉवर पाणी वाचवण्यासाठी उत्तम असतात. पण हवा ओढून घेण्यासाठी त्यांना पुरेसा वेग लागतो. ०.३ बारच्या घरात तो मिळत नाही. हेच शॉवर त्याच इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर मात्र अवश्य बसवावेत.

तिसरी बाब छिद्रांची. रबरासारख्या मऊ टोकांची छिद्रे बोटाने चोळली की स्वच्छ होतात. धातूच्या पत्र्यातील छिद्रे सुईने साफ करावी लागतात. वजनदार पितळी डोके दिसायला भारदस्त असते, पण कमी दाबात त्याचा वेगळा लाभ नाही. चांगल्या प्रतीच्या प्लास्टिकचे, क्रोमचा मुलामा दिलेले डोके तेवढेच काम करते आणि त्याची किंमतही कमी असते.

दुकानात विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न एकच : हा शॉवर किमान किती दाबावर चालतो? हा आकडा अनेक माहितीपत्रकांत दिलेला असतो. किमान एक बार लिहिलेला शॉवर सातव्या मजल्यावर नेण्यात अर्थ नाही, मग तो कितीही देखणा असो. आकडा मिळालाच नाही, तर न चालल्यास बदलून मिळेल का, हे बिल करण्यापूर्वी ठरवून घ्यावे. बहुतेक शॉवर अर्धा इंची आट्यांवर बसतात. टेफ्लॉन टेप गुंडाळून दहा मिनिटांत जुना काढून नवा लावता येतो. त्यामुळे एक साधा, लहान शॉवर आणून आठवडाभर वापरून पाहणे, हा फार स्वस्त प्रयोग आहे.

भिंतीआड गेलेल्या वस्तूंचे मात्र तसे नाही. डायव्हर्टर आणि नळ्या एकदा फरशीमागे गेल्या, की पुन्हा तोडफोडीशिवाय बदलता येत नाहीत. म्हणून नूतनीकरणात सर्वाधिक लक्ष शॉवरवर नव्हे, तर तेथे द्यावे. गच्चीवरून स्नानगृहापर्यंत अर्धा इंचीऐवजी पाऊण इंची नळी आणली, तर त्याच दाबात जवळपास दुप्पट पाणी वाहू शकते. काटकोनी वळणे जितकी कमी, तितके चांगले. जुन्या इमारतींतील गॅल्व्हनाइज्ड लोखंडी नळ्या आतून गंजून अरुंद होतात. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या नळीत पाण्याला करंगळीएवढी वाट उरलेली असते. अशी नळी तशीच ठेवून तिच्या टोकाला महागडा शॉवर लावणे म्हणजे पाया सोडून कळसावर खर्च करण्यासारखे आहे.

गीझरचा विचारही याच वेळी करावा. तीन किलोवॉटचा तत्काळ पाणी तापवणारा गीझर पाण्याचे तापमान पंधरा अंशांनी वाढवायचे असेल, तर मिनिटाला सुमारे तीन लिटरच पाणी देऊ शकतो. त्याच्यापुढे मोठा शॉवर लावला, तर पाणी कोमटही होणार नाही. शॉवरसाठी पंधरा ते पंचवीस लिटर साठवणीचा गीझर अधिक योग्य. गॅसवरच्या गीझरला पेटण्यासाठी ठरावीक किमान दाब लागतो, त्यामुळे वरच्या मजल्यावर तो मध्येच विझण्याची शक्यता असते. शिवाय त्यातून विषारी वायू निर्माण होऊ शकत असल्याने तो बंद स्नानगृहाच्या आत कधीही बसवू नये.

उंची कमी करण्याची युक्ती

टाकी वर नेता येत नसेल, तर शॉवर खाली आणता येतो. डोक्यावरच्या शॉवरऐवजी हातात धरायचा शॉवर घेतला आणि तो एक मीटर खाली वापरला, तर टाकी आणि शॉवर यांतील अंतर तीन मीटरवरून चार मीटर होते. दाब एक तृतीयांशाने वाढतो आणि प्रवाहात सुमारे पंधरा टक्क्यांची भर पडते. खालच्या मजल्यावर हा फरक कोणाला जाणवणारही नाही; सातव्या मजल्यावर तो ठिबकण्यात आणि वाहण्यात असतो. यासाठी लागणारी लवचीक नळी मात्र लांबलचक नसावी आणि तिचे आतले छिद्र शक्य तितके रुंद असावे, नाहीतर मिळवलेला दाब तिच्यातच संपतो.

ज्येष्ठांसाठी या शॉवरचे महत्त्व दाबापुरते नाही. न घसरणाऱ्या पायांचे प्लास्टिकचे स्टूल, भिंतीत पक्का बसवलेला आधाराचा दांडा आणि बसल्या हाताशी येईल अशा उंचीवर अडकवलेला हाताचा शॉवर, एवढ्या तीन गोष्टींनी सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीला कोणाच्या मदतीशिवाय स्नान करता येते. भरलेली बादली सरकवायची नाही, वाकून तांब्या भरायचा नाही, ओल्या फरशीवर तोल सावरत उभे राहायचे नाही. डोळे मिटून साबण चोळताना पाणी बंद ठेवण्यासाठी शॉवरच्या मुठीवरच कळ असलेला प्रकार मिळतो, तो घ्यावा. मात्र स्नान संपल्यावर भिंतीवरचा मुख्य नळही बंद करावा, म्हणजे लवचीक नळीवर सतत दाब राहत नाही आणि ती लवकर गळत नाही.

पंप लावण्यापूर्वी

शेवटचा उपाय पंपाचा आणि सर्वाधिक तंटेही त्याचेच. वरच्या मजल्यावरील एखादे कुटुंब कंटाळून स्नानगृहाच्या माळ्यावर लहान पंप बसवते. त्याचा शॉवर त्या दिवसापासून धो-धो वाहू लागतो. पण उतरती नळी सामाईक असेल, तर पंप तिच्यातील पाणी जोराने ओढून घेतो आणि त्याच नळीवरील शेजारच्या घराचा नळ हवा फेकू लागतो. मग शेजारीही पंप लावतो. काही महिन्यांत निम्म्या इमारतीत पंप घरघरत असतात, वीज खर्च होत असते आणि ज्याला पंप परवडत नाही, त्याच्या घरी सकाळी सात वाजता नळ कोरडा असतो. टाकीतील पाणी एका थेंबानेही वाढलेले नसते. फक्त ते कोणाकडे आधी जाते, हे बदललेले असते.

महापालिकेच्या जलवाहिनीला थेट पंप जोडण्यास तर मनाईच आहे आणि त्यामागे ठोस कारण आहे. जलवाहिनीतून पाणी ओढले गेले, की पुढच्या ग्राहकांचा दाब घटतो. वाहिनीत पोकळी निर्माण होऊन फटींतून आजूबाजूचे दूषित पाणीही आत शिरू शकते. एका घराच्या सोयीसाठी सगळ्या गल्लीच्या आरोग्याशी खेळ होतो.

म्हणून पंप लावायचाच असेल, तर तो गच्चीवरील टाकीनंतर, आपल्या घराच्या स्वतंत्र नळीवर आणि सोसायटीच्या लेखी परवानगीने लावावा. त्याहून चांगला मार्ग सामाईक आहे. वरच्या दोन-तीन मजल्यांसाठी टाकीपासून वेगळी नळी काढून तिच्यावर दाब कायम राखणारा एकच पंपसंच गच्चीवर बसवावा. विजेचा आणि देखभालीचा खर्च कोणी किती उचलायचा, हे सर्वसाधारण सभेत ठरवावे. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप दिवसातून एक तास चालला, तर सुमारे ०.४ युनिट वीज लागते. कुटुंबांत वाटल्यावर हा भार नगण्य आहे. वर-खाली सगळ्यांचे देणे सारखेच असताना वरच्यांनीच कमी पाणी का सोसावे, हा प्रश्न सभेत विचारण्यासारखा आहे. चोरून बसवलेल्या पंपाने तो सुटत नाही. पंप बसवण्यापूर्वी गीझरवरील पट्टीवर किती दाब सहन करण्याची क्षमता लिहिली आहे, तेही पाहून घ्यावे. कमी दाबासाठी बनवलेला गीझर पंपाच्या दाबाने गळू शकतो.

किती पाणी पुरे?

कमी दाबाची तक्रार करताना एक गोष्ट सहज निसटते. स्नानाला किती पाणी लागते? बादलीने स्नान करणाऱ्याला साधारण वीस लिटर पुरतात. मिनिटाला सहा लिटर देणाऱ्या लहान शॉवरखाली पाच मिनिटांत तीस लिटर खर्च होतात. मिनिटाला पंधरा लिटर सोडणाऱ्या मोठ्या शॉवरखाली आठ मिनिटे उभे राहिले, तर तोच आकडा एकशे वीसवर जातो. शहरी पाणीयोजनांत माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण सामान्यतः धरले जाते. त्यात पिणे, स्वयंपाक, धुणी, भांडी असे सगळे येते. एका स्नानातच एकशे वीस लिटर गेले, तर बाकीच्यासाठी उरले किती? उन्हाळ्याच्या अखेरीस जलाशय तळाला जातात आणि कपात लागू होते, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर सगळ्या इमारतीला एकदमच मिळते.

जैन परंपरेने पाण्यालाच अप्काय जीव मानले आणि त्याचा वापर जयणेने, म्हणजे काळजीपूर्वक व गरजेपुरता करावा, असे शिकवले. ज्या घरात ही शिकवण रुजली आहे, तेथे बारा इंची शॉवर न चालणे ही उणीव ठरू नये. मिनिटाला पाच-सहा लिटरची सलग, मऊ धार स्नानाला पुरेशी आहे आणि बादली-घड्याळाची चाचणी, साफसफाई, योग्य नळी व लहान शॉवर एवढ्यावर ती सातव्या मजल्यावरही बऱ्याचदा मिळू शकते.

आरंभी पाहिलेल्या त्या बोरिवलीच्या घराचा हिशोब याच मार्गाने मांडता येईल. बारा इंची शॉवर काढून ठेवावा; तो खालच्या मजल्यावर राहणाऱ्या एखाद्या नातलगाच्या कामी येईल. अँगल कॉकची जाळी धुवावी, गच्चीवरील व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आहे याची खात्री करावी, कमरेच्या उंचीवर हाताचा शॉवर अडकवावा आणि शेजारी स्टूल ठेवावे. आजींना त्याखाली बसल्या-बसल्या स्नान उरकता आले आणि पूजेला वेळेवर पोहोचता आले, तर नूतनीकरणाचा मूळ हेतू साधला असे म्हणता येईल. त्यानंतर वरच्या मजल्यांच्या स्वतंत्र नळीचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घालावा, आणि अर्जावर शेजाऱ्यांच्या सह्या घ्यायला घरातील सर्वांनी एका संध्याकाळी बाहेर पडावे.